ही वस्तू लग्नाला गेली आहे

वस्तुसंग्रहालय ही काळाला थांबवून ठेवणारी वास्तू असते. वाक्य माझे नाही. आमच्या संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर ते संगमरवरात कोरलेले आहे आणि ज्यांच्या हस्ते ते उघडले गेले त्यांचे नाव त्याखाली वाक्याहून मोठ्या अक्षरांत आहे. मी तिथे वीसेक वर्षे नोकरी केली. तेवढ्या काळात तिथे थांबलेली एकच गोष्ट मी पाहिली, ती म्हणजे भिंतीवरचे घड्याळ. तेही थांबले, कारण त्याचा सेल बदलणे हे संग्रहपालाचे काम की सचिवांचे, यावर कार्यकारिणीत एकमत होत नव्हते.

संग्रहालय गिरीजला आहे. हा शब्द ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे घुमट, रुंद जिने आणि पितळी कठडे आले असतील, तर ते कृपया बाजूला सारावेत. ही पूर्वीची सुकेळ्यांची वखार. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: राजेळी केळी पिकवून, सोलून, दिवसचे दिवस उन्हात सुकवली की आक्रसून मधाच्या रंगाची होतात, ती सुकेळी. एकेकाळी ती इथून पानांत बांधून, टोपल्यांत भरून बाहेरगावी जात. पुढे धंदा मंदावला, वाड्या कमी झाल्या, वखार रिकामी पडली. मग गावातल्या चार हौशी माणसांनी मंडळ काढले आणि घरोघरच्या जुन्या वस्तू तिच्यात आणून ठेवायला सुरुवात केली. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. केळी गेली तरी त्यांचा गोडवा लाकडात आणि फरशीच्या सांध्यांत मुरून राहिला होता. हे मी काव्य म्हणून लिहीत नाही. त्या गोडव्याला मुंग्या येत. माझ्या कारकिर्दीत संग्रहालयाला नियमाने भेट देणारा तेवढा एकच वर्ग होता.

मी मूळचा देशावरचा, राहायला नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात. आधी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपालाचा मदतनीस होतो. ते वाचनालय जागेसकट एका नव्या इमारतीच्या पोटात गेले आणि मी इकडे आलो. नेमणुकीच्या कागदावर माझे पद 'संग्रहपाल' असे होते. प्रत्यक्षात कुलूप उघडणे, झाडणे, तिकीट फाडणे, भात मोजायच्या पायलीत मेलेली पाल काढणे आणि शौचालय कुठे आहे ते सांगणे, हे काम. शौचालयाची चौकशी करणारे इतिहासाची चौकशी करणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असत, आणि उत्तर मिळाल्यावर समाधानी होऊन जाणारेही तेच. गावातली माणसे मला 'मास्तर' म्हणत. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेले नाही. पण शर्टाच्या खिशाला पेन लावणाऱ्या परक्या माणसासाठी त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

या कामात फार मोठी विद्या नाही, थोडी आहे. जुन्या वस्तूला ओल बाधते, ऊन बाधते, किडा बाधतो, आणि या तिन्हींतून वाचलीच तर तिला उद्घाटन बाधते. तांबे चिंच लावून घासायचे नाही, त्याच्यावर चढलेला काळपटपणा हेच त्याचे वय. कापड वर्षभर अंधारात ठेवायचे आणि पावसाळा पुरता सरला की एकदा सकाळचे कोवळे ऊन दाखवायचे. आणि पाटीवर जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असे लिहायचे. हा शेवटचा नियम मी कसोशीने पाळला, म्हणून मंडळ माझ्यावर कायम नाराज असे. पाहुण्यांचीही निराशा होई, कारण त्यांना सगळे पोर्तुगीज हवे असायचे. किल्ला पाहून परतणारे एक गृहस्थ आमच्या लाकडी उखळापुढे बराच वेळ गंभीरपणे उभे होते.

"पोर्तुगीज?"

"नाही. पलीकडच्या घरातलं आहे."

"पण पोर्तुगीज काळातलं?"

"त्यांच्या सासूबाईंच्या काळातलं."

त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत, पण तसा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर पोलिसांनी अडवलेली तरुण मंडळी दिवस वाया जाऊ नये म्हणून एवढ्या लांब येत, पडवीत केस पुसत आणि इथे भजी कुठे मिळतात ते विचारत. एकाला आमचे जाते फार्महाऊसवर टीपॉयखाली लावायला हवे होते. मी त्याला नाही म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "इथे तरी नुसतं पडलेलंच आहे ना?"

ते नुसते पडलेले नसे. आमच्याकडच्या वस्तू, मला वाटते, देशातल्या कुठल्याही संग्रहालयातल्या वस्तूंपेक्षा जास्त फिरत. त्याचे कारण असे, की गावातल्या घरांनी त्या दिल्या नव्हत्या, 'ठेवायला' दिल्या होत्या. घर पाडून नवे बांधायचे, माळा उरला नाही, मुलगा फ्लॅटमध्ये गेला, तर वस्तू वखारीत नेऊन ठेवायची. आणि घरात लग्न निघाले की येऊन मागायची. "मास्तर, आमचा हंडा द्या, पोरीचं लग्न काढलंय." मी वाचनालयातून आलेला माणूस. वस्तू बाहेर जाते आणि परत येते, हा माझ्या दृष्टीने जगाचा साधा नियम होता. मी हंडा द्यायचो आणि त्याच्या रिकाम्या जागी पुठ्ठ्याचे कार्ड उभे करायचो: 'ही वस्तू लग्नाला गेली आहे.'

मे महिन्यात निम्म्या खोलीत कार्डेच असत. नाताळात 'ही वस्तू गोठ्यात आहे', कारण चर्चच्या अंगणात येशूजन्माचा देखावा करणारी पोरे आमचा कंदील आणि सूप घेऊन जात. एकदा 'ही वस्तू दुरुस्तीला गेली आहे' असेही लिहावे लागले. ती खोबरे खवायची विळी सचिवांच्या स्वयंपाकघरात होती आणि उत्तम चालत होती. पाहुणे पाट्यांपेक्षा कार्डे लक्ष देऊन वाचत. "कधी येईल?" असे विचारत. वस्तूबद्दल असा प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात ऐकलेला नाही. हंडा परत यायचा तो चिंच-राखेने घासून लखलखीत होऊन, तळाला भाताचे शीत चिकटलेले. शास्त्राप्रमाणे ही हानी. पण माहेरी जाऊन आलेल्या बाईसारखा तो दिसायचा, आणि मी ती हानी कुठे नोंदवत नसे.

अशातच एके दिवशी मोनीबाय लुगडे घेऊन आली.

मोनीबाय जवळच्याच वाडीतली. सत्तरी ओलांडलेली, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. मुलगा इनास वाडी करायचा, सकाळी भाजी घेऊन स्टेशनकडे जायचा. घरात त्यांची स्वतःची बोली. माझ्याशी बोलताना मात्र ही सगळी माणसे मराठी काढत, पाहुण्यासाठी चांगली कपबशी काढावी तशी. तिने गाठोडे माझ्या टेबलावर ठेवले.

"मास्तर, हे ठेवायला आणलं."

मी गाठ सोडली. लाल, मोठ्या चौकड्यांचे नऊवारी लुगडे. हातात घेतल्यावर वजन कळावे असे.

"लग्नातलं का?"

"लग्नातलं. आणि मयताचं."

"कुणाच्या मयताचं?"

"माझ्या. दुसऱ्याच्या मयताला मी माझं लुगडं कशाला देऊ?"

मग तिने समजावून सांगितले. ती त्या लुगड्यात लग्न होऊन गिरीजला आली होती आणि त्याच लुगड्यात तिला जायचे होते. पण घर पाडून स्लॅबचे केले तेव्हा लाकडी पेटारा नव्या जिन्यावरून वर जाईना. सुनेच्या कपाटाला आरसा होता, जागा नव्हती. आणि घरात ठेवावे तर भीती होतीच.

"पोरी गॅदरिंगला नेतात. त्यात कसले कसले नाच करतात. परत येतं तेव्हा त्याला घामाचा आणि वड्याचा वास." मग तिने खोलीभर नजर फिरवली. "इथं बरं. इथं कोण येतो?"

यावर संस्थेच्या वतीने उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

"कधी लागेल?" मी विचारले. वाचनालयातली सवय.

"ते फादरला पण नाय ठाऊक."

लुगडे दाखवायचे तर कुणाला तरी नेसवायला हवे. नालासोपाऱ्यातले एक साड्यांचे दुकान बंद होत होते. तिथला पुतळा आम्ही आणला. गोरा, उंच, रिक्षा थांबवावी तसा एक हात वर केलेला. मी आणि सचिव तासभर त्या लुगड्याशी झटापट करून दमलो, तेव्हा मोनीबाय पुढे झाली, आम्हा दोघांना खोलीबाहेर काढले आणि दार लावून घेतले. आतून तिचा आवाज येत होता: "पोट आत घे, सूनबाई. नऊवार हाय, गाऊन नाय."

तेव्हापासून पुतळ्याचे नाव सूनबाई पडले आणि दरवर्षी पावसाळ्यानंतरची एक सकाळ मोनीबायची झाली. लुगडे उतरवायचे, झटकायचे, पडवीतल्या दोरीवर टाकायचे, उन्हाकडे लक्ष ठेवत तिथेच बसायचे, आणि पुन्हा सूनबाईला नेसवायचे. सूनबाईला टोमणे मारल्याशिवाय तिला निऱ्या घालता येत नसत. "हात खाली नाय का घेत कधी? सासू आली तरी रिक्षाच थांबवतेस?"

एका वर्षी ती लुगडे घेऊन मागच्या खोलीत गेली आणि स्वतःच नेसून बाहेर आली. पडवीच्या पायरीवर बसली. नेमकी त्याच वेळी एका शाळेची सहल आली. मुले तिच्यापुढे अर्धगोल करून उभी राहिली. एका मुलीने बाईंना हळूच विचारले, "ह्या खऱ्या आहेत का?"

"हात लावून बग," मोनीबाय म्हणाली.

मुलगी दचकून मागे झाली. मग एकेकाने हात लावून पाहिला. मी आत जाऊन उघड्या सूनबाईवर चादर टाकली आणि पुढे कार्ड ठेवले: 'ही वस्तू पडवीत बसली आहे.'

सहल गेल्यावर मी तिला विचारले, आज हे काय काढलेत?

"बगत होते, अजून होतं का मला." लुगडे आता तिला सैल होत होते. कमरेशी कापड गोळा करून धरत ती समोरच्या वाडीकडे पाहत राहिली. "आमचे हे म्हणायचे, तू केळीत कुठंपण अस, लांबून दिसतेस. हाक नाय मारावी लागत. सगळ्या बाया अशा लाल दिसायच्या वाडीत, कोण कुठं काम करते ते ओटीवरून कळायचं. आता गाऊन घालून फिरतो आम्ही. कोण कुठं हाय, काय कळत नाय."

मी देशावरचा माणूस. माझ्या आठवणीत केळीच्या वाडीतली लाल लुगडी असण्याचे काही कारण नाही. तरी त्या दिवसापासून गिरीजच्या रस्त्याने येता-जाता मी वाड्यांमधून काहीतरी लाल दिसते का ते पाहू लागलो. बहुतेक वेळा ती प्लास्टिकची बादली असायची.

पुढे मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. गावचेच, पण उमेदीची वर्षे मुंबईत मोठ्या हुद्द्यावर काढलेले. कार्यकारिणीच्या सभेला टाय लावून येत. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त सगळे नीट करायचे होते. त्यांनी खटपट करून अनुदान आणले, छताला दिवे बसवले, संगमरवर आणला आणि वस्तूंसाठी काचेच्या पेट्या करून घेतल्या. माझी कार्डे त्यांनी एकत्र करून माझ्या हातात ठेवली.

"मास्तर, हे संग्रहालय आहे. मंडप डेकोरेटर नव्हे."

लुगड्याची पेटी सर्वांत मोठी होती. धूळ जाऊ नये म्हणून तिला दारच ठेवले नव्हते. चारही काचा कडेने चिकटवून टाकलेल्या. सजावट करणाऱ्या कंपनीच्या मुलांनी मोबाइलवर चित्रफीत पाहत सूनबाईला लुगडे नेसवले, आणि निऱ्या छायाचित्रात ताठ दिसाव्यात म्हणून त्याला भरपूर खळ घातली. मी खळीबद्दल बोललो. त्यांनी माझे म्हणणे अतिशय नम्रपणे ऐकले आणि खळीचा आणखी एक हात दिला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सूनबाईकडे बोट करून मातृशक्तीवर भाषण केले. वर केलेला हात त्यांना आशीर्वादाचा वाटला.

पावसाळा सरल्यावर ठरल्याप्रमाणे मोनीबाय आली. आता काठी टेकत यायची. तिने पेटीभोवती एक फेरी मारली. मग उलटी मारली.

"दार कुठं हाय?"

"दार नाही ठेवलेलं."

"मग काढणार कशी?"

मी काचेचा चिकटवलेला सांधा दाखवला.

"मग मी मरू कशी, मास्तर?"

रागाने नव्हे. ठरलेली एसटी रद्द झाली म्हणून कंट्रोलरच्या खिडकीशी चौकशी करावी, तशा आवाजात तिने विचारले. मी तिला बसायला खुर्ची दिली. निऱ्या उलट्या बाजूला घातल्यात, एवढेच ती नंतर म्हणाली, आणि काचेवर बोट ठेवून कुठल्या ते दाखवले.

मी विषय कार्यकारिणीपुढे मांडला. अध्यक्षांनी टाय सारखा केला.

"भावना समजते. पण ती वस्तू आता समाजाची आहे."

"समाजाला मरायचं नाही, साहेब. त्यांना आहे."

 मग एक तोडगा निघाला: मंडळाने मोनीबायला नवे लुगडे सन्मानाने द्यावे. गॅदरिंगचे कपडे पुरवणाऱ्या दुकानातून तसेच लाल चौकड्यांचे एक आणवले. चमकदार, हलके, सुरकुती न पडणारे. मीच ते घेऊन गेलो. तिने चिमटीत धरून उजेडात पाहिले आणि घडी न मोडता परत दिले.

"मी काय गॅदरिंगला चाललेय?"

ते लुगडे माझ्या टेबलाच्या खणात आले.

पुढच्या पावसात तिला दम लागू लागला. इनासने दोनदा दवाखान्यात नेऊन आणली. एकदा तो भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतताना पडवीत थांबला, घाम पुसत राहिला, बोलायला त्याला जड जात होते. "मास्तर, आई डॉक्टरला सांगते, आत्ता नाय, माझं लुगडं अडकलंय. डॉक्टर मला विचारतो, कुठं अडकलंय? काय सांगू मी? तुम्ही बगा ना कायतरी." मी पुन्हा अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले की नियमाला एकदा अपवाद केला तर उद्या लोक हंडे मागतील. हेच मला हवे होते, पण ते तिथे बोलून उपयोग नव्हता.

बघितले ते शेवटी मुंग्यांनी. त्या पावसाळ्याच्या शेवटी मी सकाळी दिवे लावले तेव्हा पेटीच्या आत सूनबाईच्या पायापासून कमरेपर्यंत एक काळी रेघ हलत होती. वखारीच्या फरशीचा एक सांधा नेमका पेटीखाली आला होता. वरून दार नसले तरी खालून होते, आणि तांदळाची खळ म्हणजे त्यांच्या दृष्टीने कुणीतरी काचेआड मांडून ठेवलेले जेवण. मी अध्यक्षांना फोन केला. ते येईपर्यंत बातमी गावात पसरली होती आणि खोली भरली होती. नव्या दिव्यांचा खराखुरा उपयोग मी त्या दिवशी प्रथम पाहिला. एकेक मुंगी स्पष्ट दिसत होती.

"आत कशा गेल्या?" अध्यक्षांनी विचारले.

"त्या आधीपासून इथेच आहेत, साहेब. पेटी नंतर आली."

त्यांनी काच कापणाऱ्याला बोलावले. एक बाजू निघाली. आता लुगडे उतरवायचे, मुंग्या झटकायच्या, खळ धुऊन काढायची. कापड जुने, हात ओळखीचा हवा. कुणाला बोलवावे? अध्यक्षांनी खोलीत जमलेल्या सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. इनास स्कूटर घेऊन निघालाही होता.

मोनीबाय त्याच्या मागे बसून आली. पेटीत शिरली आणि पहिला हात लावताच ओरडली, "खळ? खळ कुणी घातली? पापड हाय काय हा?" मग सूनबाईकडे वळून म्हणाली, "आणि तू पण घालून घेतलीस?" भराभरा लुगडे उतरवून तिने पडवीत झटकले आणि घडी करून काखेत मारले. दम लागला होता, तरी बसायला तयार नव्हती.

"घरी नेऊन धुते. ऊन दाखवून आणते."

"कधी आणाल?" अध्यक्ष म्हणाले.

"वाळलं की."

दिवाळी गेली, नाताळ गेला. मंडळाच्या सूचनेवरून मी चौकशीला गेलो. मोनीबाय पलंगावर बसली होती. उशाशी लाल घडी होती, कोरडी ठणठणीत, वर रोझरीची माळ ठेवलेली.

"ओलं हाय अजून," ती म्हणाली.

मी घडीकडे पाहिले. "हो. वाटतंय खरं."

कार्यकारिणीला मी तसे सांगितले. इतिवृत्तात 'सदर वस्तू अद्याप ओली आहे' अशी नोंद झाली. मे महिन्यात, अंगणात टाकलेली सुकी मासळी कडकडीत होते त्या दिवसांत, मी पुन्हा गेलो आणि पुन्हा तेच उत्तर आणले. सभेत कुणी हसले नाही. बहुतेकांच्या घरची कुठली ना कुठली वस्तू आमच्या काचेआड होती. अखेर अध्यक्ष स्वतः जाऊन आले. मोनीबायने त्यांना कॉफी दिली, घरची सुकेळी दिली, त्यांच्या आईची आठवण काढली. तीही लाल लुगडे नेसायची, वाडीत लांबून दिसायची, असे म्हणाली. अध्यक्ष परत आले आणि टाय सैल करत माझ्या समोरच्या खुर्चीत बसले.

"दमट हवा आहे आपल्याकडे," ते म्हणाले. "वेळ लागतो."

रिकामी पेटी बरी दिसेना, म्हणून माझ्या खणातले गॅदरिंगचे लुगडे तात्पुरते सूनबाईला नेसवायचे ठरले. त्याला खळ लागत नव्हती. मुंग्यांनी एकदा वर जाऊन पाहिले आणि पुन्हा आल्या नाहीत.

मोनीबाय त्यानंतरच्या थंडीत गेली, झोपेत. आता अडकलेले काही नव्हते. मी आचोळ्याहून पोचलो तेव्हा मयताची घंटा वाजत होती. घरात तिला पेटीत ठेवलेले होते, लाल लुगड्यात, आणि निऱ्या बरोबर बाजूला होत्या. त्या कुणी घातल्या हे मी विचारले नाही. बहुधा तिने सुनेला आधीच शिकवून ठेवले असावे, टोमण्यांसकट. अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. मग ते माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाले,

"वाळलं वाटतं."

"हो," मी म्हणालो.

चर्चपर्यंतची वाट वाडीतून जाते. पेटी झाकलेली होती, त्यामुळे लांबून कुणाला काही दिसण्यासारखे नव्हते. आणि ओटीवर बसून पाहणारेही कुणी उरले नव्हते. केळीही आता तेवढ्या दाट नाहीत.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी आपण होऊन मला सांगितले, की लोकांना हंडे न्यायचे असतील तर न्यावेत, कार्ड लावत जा. मी जुनी कार्डे काढली, पुसली, हाताशी ठेवली. पण एव्हाना लग्ने हॉलमध्ये होऊ लागली होती. जेवण केटररचे, भांडी केटररची, कंदील विजेचा. एक मे महिना गेला, दुसरा गेला. कुणी आले नाही. पूर्वी ज्यांच्या हट्टापायी माझ्या कपाळाला आठ्या पडत, त्या माणसांची मी पडवीत बसून वाट पाहू लागलो. परत आलेल्या हंड्यातले शीत नखाने काढायचे राहून गेले आहे, असे मला उगीचच वाटत राही. आता हंड्यावर छान काळपटपणा चढला आहे. शास्त्राप्रमाणे तो अगदी योग्य आहे.

निवृत्त झाल्यावरही मी अधूनमधून गिरीजला जातो. तिकीट काढून आत जातो. नवा मुलगा मला ओळखत नाही आणि शौचालय कुठे आहे ते न विचारता सांगतो. सगळ्या वस्तू आपापल्या जागी असतात. एकही कार्ड नसते. परवा गेलो तेव्हा बाहेरून आलेल्या एक अभ्यासक बाई लुगड्याच्या पेटीसमोर उभ्या होत्या. त्यांनी चप्पल काढून ठेवली होती. त्या मला म्हणाल्या, की एवढ्या वर्षांनंतरही रंग किती टिकून आहे पाहा, आपल्या आधीच्या पिढ्यांची ही समज आपण गमावून बसलो. पाटी जुनीच आहे, मीच लिहिलेली: 'लाल लुगडे. लग्नातले. मोनीबाय यांनी ठेवायला दिलेले.' तिच्याखाली, लुगड्याच्या आतल्या काठाला, शिवणीत एक पांढरी पट्टी आहे. काचेला नाक लावले तर वाचता येते. तिच्यावर लिहिले आहे: थंड पाण्यात धुवावे, उन्हात वाळवू नये.